अण्णांची पाच मिनिटं

सोलापुरात लाईट गेल्यावर खुलणारा माणूस मी एकच पाहिला, आमच्या चादरीच्या कारखान्यातले कॉम्प्युटरवाले अण्णा. मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा सर्व्हर सुरू होताना आधी काय उठवायचं आणि मग काय, हे सांगणाऱ्या एकवीस फायली त्यांनी स्वतः लिहिलेल्या होत्या, प्रत्येकीला नंबर घालून. लाईट परत आली की अण्णा खुर्ची ओढून पडद्यासमोर बसत आणि ओळ उमटेल तशी 'ओंदु, एरडु, मूरु' अशी कन्नडात हजेरी घेत. तेवढ्यात मालक आले तरी त्यांना उभंच राहावं लागे. "पंगतीत आदी मीठ, मग चटणी. एकदम भात वाढला तर पावणा रुसंल की," असं ते मला समजावत. ऑर्डरींची फाईल उघडण्याआधी तर सगळा कारभार चक्क पाच मिनिटं थांबे. का, असं विचारलं तर म्हणत, "दम खाऊ दे की त्याला."

मग सर्व्हर उठवायची नवी पद्धत आली. तिच्यात प्रत्येक काम आपल्याला कोणाची गरज आहे ते सांगतं, आणि ज्यांना कोणासाठी थांबायचं नसतं ती सगळी एकदम उठतात. ती बसवायचं काम मालकांनी माझ्यावर सोपवलं. अण्णांच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते आणि मी त्यांची आयुष्याची कमाई मोडीत काढत होतो, पण उत्साहाच्या भरात ते माझ्या लक्षातही आलं नाही. ती पाच मिनिटं मी सगळ्यांत आधी उडवली. सर्व्हर वीस सेकंदांत उभा राहिला. "लई भारी," अण्णा म्हणाले आणि तंबाखू मळत बाहेर गेले.

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी लाईट आली, सर्व्हर उठून कामाला लागला, आणि लाईट पुन्हा गेली. लाईट गेल्यावर सर्व्हरला तगवणारी बॅटरी कधीच म्हातारी झालेली. नुकतीच उघडलेली ऑर्डरींची फाईल पार मोडली. आपल्याकडे लाईट एकदा तोंड दाखवून जाते आणि मग नीट येते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मीच विसरलो होतो. रडवेला होऊन मी म्हणालो, "अण्णा, जुनंच परत आणू."

"न्हाय. तुजं चांगलं हाय. फकस्त थांबायला शिकव त्याला."

दोन दिवस शेजारी बसून त्यांनी कागदांवरून ऑर्डरी परत भरून घेतल्या, एका शब्दाने मला बोलले नाहीत. नव्या फायलीत वाट बघायची ओळ त्यांनी सांगितली, मी लिहिली. मग आपल्या एकवीस फायली त्यांनी स्वतःच्या हाताने पुसल्या.

आता ते मंद्रूपला, आपल्या गावी असतात. फोनवर शेतातल्या तुरीचं सांगतात, सर्व्हरचं नाव काढत नाहीत. त्या फायलींची नक्कल मी गुपचूप ठेवलीय, हे दर वेळी सांगायचं ठरवतो. पण ते लगेच विचारतील, "कशाला रं?" आणि तुमची आठवण येते म्हणून, असं वडीलधाऱ्या माणसाला सांगायची आपल्याकडे कुठे पद्धत आहे.