दोघांचं माप

"आमचं दोघांचं माप एकच," हे टेलरमास्तरांचं ठरलेलं वाक्य. दोघे म्हणजे मास्तर आणि त्यांचा थोरला भाऊ, दादा. खांदा तोच, छाती तीच, पोटाचा घेरही तोच. दुकानात खिळ्याला कागदाचा एकच फर्मा टांगलेला. त्यावरच दोघांचे सदरे कापले जायचे.

साखरही दोघांच्या मागे बरोबरच लागली. गोळ्या मात्र वेगळ्या. मास्तरांची पांढरी, जाडजूड, घशाशी भांडणारी. दादांची इवलीशी, गुलाबी. तेव्हापासून मास्तरांचा जळफळाट सुरू झाला.

"दादांची साखर बघा कशी खाली आली," तपासणीचा कागद आला की बायको म्हणायची. "तुमची आपली चढतीच."

"त्यांना भारी औषध दिलंय! पेन्शनवाल्याला गुलाबी आणि शिंप्याला खडू!"

"आणि चहाबरोबर बिस्किटांचा पुडा कोण फस्त करतं? तो खडू?"

मास्तरांनी मनात पक्कं ठरवलं. पुढच्या तपासणीत दादांच्या खाली उतरायचंच.

तपासणीच्या आधी ते नवा सदरा द्यायला दादांकडे गेले. दादा आत तो घालून बघत होते. फडताळात गोळ्यांची पट्टी दिसली. सदरा बसतो, मग गोळी का बसणार नाही? मास्तरांनी एक गुलाबी गोळी काढली, आपल्या पांढरीबरोबर गिळली आणि साखर आणखी उतरावी म्हणून जेवणाचा डबाच उघडला नाही.

दुपारी हातातला खडू थरथरला. अंगाला दरदरून घाम सुटला. कात्री गिऱ्हाइकाच्या बाहीतून भलतीकडेच गेली आणि मास्तर टेबलाला धरून खाली बसले. शेजारच्या घड्याळवाल्यानं साखरेचं पाणी पाजलं आणि दवाखान्यात नेलं. तिथं मास्तरांनी गुलाबी गोळीचं कबूल केलं.

"दादांची गोळी स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती घेऊन उपाशी राहिलं की साखर अशी कोसळते. तुमची गोळी यकृतातून येणारी जादा साखर रोखते. ती एकटी असली तर सहसा एवढं पाडत नाही."

"मग मला हलकी का दिली?"

"हलकी कुठली? बहुतेकांना आधी हीच देतो. दादांनाही दिली होती. त्यांच्या पोटाला सोसली नाही."

दादा धावत आले होते, दारातच उभे होते. "तुझा खडू मला पचला असता तर ही गुलाबी घेतली असती होय रे? जेवायला जरा उशीर झाला की हातपाय कापतात. खिशात साखरेची पुडी ठेवून हिंडतो मी. तू आपला मोकळा. हेवा वाटतो तुझा."

सलाईन चालू होतंच, पण मास्तरांना खरी तरतरी आली ती या वाक्यानं.

बिस्किटं सुटली. खिळ्याला दुसरा फर्मा आला, कारण दादांचा खांदा जरा उतरलाय, असं मास्तर गिऱ्हाइकांना आवर्जून सांगू लागले.

पुढं एका सकाळी ते दादांच्या दारावरून चालले होते. दादा नाश्त्याला बसले होते.

"खाल्लंस का?"

"खाईन की दुकानात गेल्यावर! मला कसली घाई?" मास्तर मुद्दाम मोठ्यानं म्हणाले आणि हातातला डबा हलवत, रमतगमत निघाले.

तोंडात घास, एक हात खिशातल्या पुडीवर. मास्तर कोपऱ्यावर वळेपर्यंत दादा त्यांच्याकडे बघत राहिले.