गालाला गार लागलेली भिंत

कासुर्डीच्या चांगुणाबाईला जागेपणी स्वप्नं पडायची, आणि ती सगळी भिंतींची असायची. वस्तीतल्या बायका हसायच्या. हसोत बापड्या! तिचा लेक पोपट पाच वर्षांचा असताना एका दुपारी तिचं तुराट्यांच्या कुडाचं खोपट पेटलं होतं, आणि आगीतून तिनं त्याला ओढून काढलं होतं. तेव्हापासून भाकरी थापतानाही तिला न जळणारी भिंत दिसे. हातभर जाड, पांढऱ्या मातीची, विस्तव लागला तरी नुसती काळवंडणारी.

ती भिंत उभी राहायला सतरा वर्षं लागली. माती तिनं स्वतः खणली, भुसकट घालून आठ दिवस कुजवली, पायांनी तुडवली. मग रोज सकाळी ती भिंतीला गाल लावून डोळे मिटून उभी राही. कोरडी भिंत उबदार लागते, ओली गार, एवढंच तिचं शास्त्र.

चौऱ्याहत्तर साली पोपट दौंडला रेल्वेत खलाशी, म्हणजे पडेल ते काम करणारा मजूर, म्हणून लागला. तिथल्या क्वार्टरच्या गुळगुळीत भिंती पाहिल्यावर आईची माती त्याच्या डोळ्यांत खुपू लागली. त्याची बायको नकुशी पहिलटकरीण. तिला माहेर उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपण सासूकडेच होतं. पोपटनं कुठून तरी तीन गोण्या सिमेंट पैदा केलं आणि घराला बाहेरून गिलावा केला. चांगुणाबाईसुद्धा हरखली. लेकानं घराला कोट शिवला, असं ती यवतच्या बाजारात भेटेल त्याला सांगत होती.

भाद्रपदात झड लागली. बाहेरून सिमेंट ठणठणीत होतं, पण वळचणीखालच्या बारीक फटीतून पाणी आत जिरत होतं. चांगुणाबाईनं आतून गाल लावला, तर भिंत गार. दुसऱ्या दिवशीही गार. झोपेत तिला भिंत कण्हताना ऐकू येई. नकुशीची बाज त्याच भिंतीला लागून होती. चौथ्या दिवशी पाऊस उघडला, तशी तिनं सुनेला शेजारच्या शेवंताबाईकडे नेऊन बसवलं आणि कुदळ उचलली.

रविवारी पोपट आला, तो निम्मा गिलावा अंगणात पडलेला.

"आई, चार लोकांत माझं नाक कापलंस," तो म्हणाला.

चांगुणाबाईनं त्याचा हात धरला आणि सोललेल्या भिंतीत दाबला. हात मनगटापर्यंत आत गेला. आत नुसता लगदा होता.

"पाणी समद्याच भितीत शिरतंय, पोपट. मातीतनं ते वाळून भाईर पडतं. तुझ्या सिमिटानं त्येला आत कोंडलं." तिनं त्याचा हात आतच दाबून धरला. "आगीतनं तुला वढून काढलं म्या. पर ही भीत बाजंवर बसली आसती, तर तुझं पोर कुठनं वढून काढलं आसतं?"

पोपटनं हात बाहेर काढला. मनगटावरून चिखल ओघळत होता. एवढा बाप्या गडी, पण त्याला भरल्या वस्तीत रडू कोसळलं.

चांगुणाबाईनं पदरानं त्याचे डोळे पुसले नाहीत. भिंत पुन्हा लिंपायला अंगणात भिजत घातलेल्या मातीच्या आळ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "रड की, पर चिखलात उतरून रड. पोर यायला पंधराच दिस ऱ्हायल्यात."