शोभाअक्कांचा खोटा फोटो

शोभाअक्कांचा तो घाणेरडा फोटो मला पहिल्यांदा अक्कांनीच दाखवला.

"बघ. गावभर फिरतोय."

चेहरा अक्कांचा. अंग कुठल्यातरी नाचणाऱ्या बाईचं. खाली लिहिलेलं, 'हिला मत नको, स्टेज द्या.'

मी फोन उलटा ठेवला. अक्का चहा गाळत होत्या.

नगरपालिकेची निवडणूक तोंडावर आलेली. अक्का मूळच्या रावेरच्या, आमच्या गल्लीतल्या सून. नवरा गेल्यावर शिवणकामावर घर चालवलं. पहिल्यांदाच उभ्या होत्या. प्रचार मी बघत होते.

पुण्याहून अक्कांच्या मुलाचा फोन.

"आई, सोड ना हे. सगळ्या नातेवाइकांनी पाहिलाय."

"पाह्यला ना? मग आता लपवायचं काय राह्यलं?"

संध्याकाळी केळीच्या वखारीसमोर कॉर्नर सभा. तुफान गर्दी. निम्मे लोक फोटोतली बाई बघायला आलेले.

अक्कांनी माईक घेतला आणि थेट अहिराणीत सुरू झाल्या.

"फोटो बठ्ठासनी देखा ना? डोकं मनं शे, आंग दुसरीनं शे. त्या बाईले बी कोनी इचारं नही. आते पाणीवर बोलूत."

मागून एक आजी ओरडल्या, "बोल वं माय! कितला दिन व्हयनात, नळले पाणी नही!"

सभा तिथेच फिरली.

पोलीस ठाण्यात साहेब अक्कांना म्हणाले, "मॅडम, राजकारणात आलं की हे चालायचंच."

"बरं. तेवढं लिहून सही करून द्या."

तक्रार लगेच नोंदली गेली.

तपासात कळलं, फोटो बनवणारा विरोधक नव्हताच. आमच्याच पॅनेलचा, तिकीट न मिळालेला. घरी येऊन पाया पडायला लागला.

"अक्का, चुकलो. केस मागे घ्या."

"पाय सोड. जिथं फोटो टाकला, त्याच ग्रुपवर माफी माग. केस चालू राहील."

त्याने मागितली. केस अजून चालू आहे.

अक्का निवडून आल्या, पाणीपुरवठा सभापती झाल्या. पेपरात कुणी 'रणरागिणी' लिहिलं की चिडायच्या. "अरे, पाइपलाइन टाकली ते लिहा ना!"

मागच्या वर्षी आजच्याच दिवशी हार्ट अटॅकने गेल्या.

त्यांच्या जागेवर आता पोटनिवडणूक आहे. मी उभी आहे.

कालपासून माझाही फोटो फिरतोय.

सकाळी नवऱ्याने विचारलं, "काय करायचं?"

"आधी तक्रार. मग प्रचार."

ज्यांना तो फोटो आलाय त्यांनी पुढे पाठवू नका. कुणी पाठवला ते मला कळवा. नावासकट.

अक्का, आज तुमची फार आठवण येतेय. मनापासून नमस्कार.

निघते. सभा आहे.