आर्वोचं शेवटचं वल्हं

आमच्या तळ्यावरच्या निम्म्या होड्यांत आर्वो निस्कानेनची वल्ही आहेत. चाळीस वर्षं त्याने ती बेल्ट सँडरवर, म्हणजे फिरत्या खरकागदी पट्ट्याच्या मशीनवर, घासली. मार्चमध्ये अर्धांगवायूचा झटका येऊन त्याचा उजवा हात लुळा पडला, पायही अधू झाला. तरी म्हातारं खोड ऐकतंय कुठे! एका हाताने वल्हं धरलं, फिरत्या पट्ट्याने ते हिसकून भिंतीवर आपटलं. मग मीच, त्याचा शेजारी, त्याला मशीनच्या दुकानात नेलं.

"डिस्क सँडर घ्या, आजोबा," दुकानातली बाई म्हणाली. "याची फिरती खरखरीत तबकडी लाकूड मशीनच्या टेबलावर दाबून ठेवते, एका हाताने जमतं. पण त्यावर फक्त टोकं घासता येतील. वल्हं नाही व्हायचं."

"तुम्ही याला शिकवताय?" मी भडकलो.

"गप रे," आर्वो म्हणाला. "खरं तेच सांगतेय ती."

त्याने डिस्क सँडर घेतलं. घरी मशीन बसवताना मी म्हटलं, "पोरांसाठी लाकडी ठोकळे कर."

"तूच खेळ ठोकळ्यांशी."

त्याने खुंटीवरचं अर्धवट राहिलेलं वल्हं काढलं आणि पातं मला करवतीने कापायला लावलं. मी नाही म्हणून पाहिलं, पण त्याने करवत माझ्या हातात कोंबली. मग उरलेल्या दांड्याचं कापलेलं टोक त्याने डाव्या हाताने तबकडीवर धरलं. दोन मिनिटांत ते गुळगुळीत झालं.

ते टोक जमिनीवर टेकवून, दांड्यावर काठीसारखा भार देत तो दारापर्यंत चालत गेला.

"मशीन परत करून टाक," तो म्हणाला. "माझं काम झालं."