उणे एक

"सवलत सरकारात मिळते, गणितात नाही," असं म्हणून सरांनी एका मुलीचा पेपर भरल्या वर्गात फेकला. तो माझ्या पायाशी पडला. वर्ग हसला. ती उचलायला वाकली, तेव्हा मी पाय मागे घेतला. एवढंच केलं.

भूकंपानंतर पत्र्याच्या शाळेत शिकून मी लातूरला आलो. सरांच्या खासगी क्लासमध्ये परीक्षेची गणितं संगणकावर सोडवून सरांना उत्तरं काढून द्यायचं काम माझं. सरांना माझी जात माहीत नव्हती. मीच कळू दिली नव्हती. खोलीवरची बुद्धाची तसबीरसुद्धा ट्रंकेत घालून ठेवली होती.

प्रश्न असा होता: एक्सचा वर्ग आणि दोनचा एक्सवा घात सारखे केव्हा? यात एक्स एका बाजूला सुटा होत नाही. सॉफ्टवेअरला आधी एक अंदाज द्यायचा, मग ते तिथून सरकत एका उत्तराशी पोचतं. मी एक टाकला, दोन आलं. पाच टाकला, चार आलं. झालं काम, म्हणून उठलो. उणे आकडा टाकलाच नाही.

ती मुलगी अहमदपूरकडची, आमच्याच समाजाची. तिनं आलेख काढून तिसरं उत्तर लिहिलं होतं, उणे शून्य दशांश सात सात. माझ्या यादीत ते नव्हतं, म्हणून सरांनी तिचं सगळं उत्तरच खोडून शून्य दिलं. तेवढ्या मार्कांनी ती पहिल्या बॅचमधून शेवटच्या बॅचला गेली. तिथं सर स्वतः कधी शिकवत नसत.

वर्ग सुटल्यावर ती माझ्याकडे आली.

"दादा, एकदा उणे एक टाकून बघा की. डाव्या बाजूला बी रेघा कापायल्यात."

सर दारातच उभे होते. चूक माझी आहे, हे मला तिथंच कळलं. पण तिची बाजू घेतली तर सर विचारणार, हिचा एवढा पुळका का?

"मशीन चुकत नसतंय," मी म्हणालो.

"मशीनला न्हाई, मी तुम्हाला सांगायले," ती म्हणाली आणि गेली.

मग मी उणे एक टाकला. तिचंच उत्तर आलं. स्वतःची इतकी किळस मला कधी वाटली नव्हती.

सकाळी भरल्या वर्गात मी फळ्यावर तिन्ही उत्तरं लिहिली.

"तुझी कोण लागते ती?" सरांनी विचारलं.

"आम्ही एकाच समाजाचे. चूक माझी आहे, मार्क तिचे आहेत."

"उद्यापासून येऊ नको."

शेवटच्या बॅचमध्येही तिची जागा रिकामी होती. पहाटेच्या एसटीनं ती सामान घेऊन गावी गेली होती. परत आली नाही.

मला तिची माफी नको. ती मिळाली तर मी पुन्हा गप्प बसायला मोकळा होईन. आता मी स्वतः शिकवतो. तसबीर फळ्याशेजारी आहे. माझ्याशी न जुळणारं उत्तर खोडण्याआधी मी ते सगळ्यांसमोर समीकरणात घालून बघतो. आणि यापुढे कुणी कुणाचा पेपर असा फेकला, तर मी पाय मागे घेणार नाही. तो पेपर मीच उचलीन, आणि फेकणाऱ्यासमोर मोठ्यानं वाचीन.