डाव्या इंजिनातलं घरटं

माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि आजही मी 'आहे' असं म्हणणार नाही. घडलं ते लिहितो, तुम्ही ठरवा.

मी विमानांचा तंत्रज्ञ आहे. राहायला धायरीला, आणि नोकरी पुण्यातच, एका छोट्या कंपनीच्या हँगरमध्ये. आमच्याकडे भाड्याने जाणारी पंख्याची विमानं आहेत, म्हणजे टर्बोप्रॉप. लोक मला नेहमी विचारतात, एवढ्या पावसात इंजिनात पाणी कसं जात नाही? उत्तर साधं आहे. पंख्याखालच्या तोंडातून हवा आत येते आणि लगेच तिला एक तीव्र वळण घ्यावं लागतं. हवा हलकी, ती वळते. पाण्याचे थेंब, खडे, बर्फ जड… ते वळू शकत नाहीत, सरळ पुढे जातात आणि मागच्या वाटेने बाहेर पडतात. ती वाट मोकळी असेल तरच, अर्थात.

गेल्या वर्षी जुलैमधला शुक्रवार. एक विमान चार दिवस उभं होतं. उभ्या विमानाच्या या वाटांना आम्ही लाल बुचं लावतो, नाहीतर साळुंक्या आत घुसतात. डाव्या इंजिनाच्या मागच्या वाटेचं बूच निसटून खाली पडलेलं मी पाहिलं. आता आत लांब दांड्याचा आरसा घालून तपासायला हवं होतं. तेवढ्यात बायकोचा फोन आला. दुसऱ्या दिवशी वारज्याला मेव्हणीची वास्तुशांत होती, आणि सामान घेऊन आदल्या संध्याकाळीच, म्हणजे शुक्रवारीच, पोचायचं होतं. मी बूच उचलून परत लावलं, 'तपासलं' म्हणून सही केली आणि निघालो. वीस वर्षांत असं पहिल्यांदा केलं. कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही.

शनिवारी दिवसभर मी वारज्यात होतो. साडेअकराला पहिल्या पंगतीत मठ्ठा वाढत होतो, त्याचे फोटो आहेत. रविवारी ते विमान गेलं, वाटेत जोरदार पाऊस लागला, संध्याकाळी व्यवस्थित परत आलं.

सोमवारी कामावर गेलो तर स्टोअरच्या कांबळे मॅडमनी एक प्लॅस्टिकची पिशवी पुढे केली. मॅडम मूळच्या अकोल्याच्या, कामापुरतं बोलणाऱ्या.

"तुमचं घरटं. जपून ठेवा म्हणालात, ठेवलंय."

पिशवीत ओलं गवत होतं, सुतळीचे तुकडे, एक कुल्फीची काडी.

"मी कधी म्हणालो?"

"परवा. शनिवारी. सुट्टी टाकून कामाला येणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्या थट्टा करत नाहीत. साडेअकराच्या सुमारास मी त्यांच्याकडून आरसा आणि टॉर्च घेतला, शिडी लावून डाव्या इंजिनाशी बराच वेळ होतो, मग हे आणून दिलं… असं त्यांनी सांगितलं.

"मी काही बोललो का अजून?"

"म्हणालात, काल बघायचं राहिलं होतं."

ते फक्त मला माहीत होतं.

"आवाज माझाच होता?"

"अहो, तुमचाच. जरा दमलेला. मी चहा आणायला वळले, तोवर तुम्ही गेलात. आरसा जागेवर होता."

अंगात ओव्हरऑल होता म्हणे. माझा ओव्हरऑल त्या वेळी धायरीला दोरीवर वाळत होता. गेटची नोंद पाहिली, माझं नाव नव्हतं. माझा पास माझ्याच पाकिटात होता. हँगरमधल्या कॅमेऱ्यात डावं इंजिन दिसत नाही. आरसा घेताना वहीत सही करावी लागते, ती मात्र होती. माझीच. खालची रेघ मी ओढतो तशीच.

दुपारपर्यंत कसाबसा थांबलो. ते घरटं तिथेच राहिलं असतं तर पावसात पाण्याला बाहेर जायला वाट नव्हती, आणि रविवारी विमानात आठ माणसं होती. शेवटी पिशवी घेऊन मुख्य अभियंत्यांकडे गेलो आणि सगळं सांगितलं, शुक्रवारसकट. त्यांनी पिशवी उघडून आत पाहिलं.

"जगताप, शनिवारचं मला काही कळत नाही," ते म्हणाले. "शुक्रवारचं कळतं. ते लिहून द्या."

लिहून दिलं. तीन महिने माझा सहीचा अधिकार काढून घेतला होता. योग्यच केलं.

बायकोचं म्हणणं, मॅडमनी दुसऱ्याच कुणाला पाहिलं असेल. असेलही. पण त्या दिवशी कामावर असलेल्या प्रत्येकाला मी विचारलं, डाव्या इंजिनाला कुणी हात लावला नव्हता. मग ते घरटं काढलं कुणी?

आता सुट्टीनंतर कधीही आरसा घ्यायला गेलो, की कांबळे मॅडम वही पुढे सरकवण्याआधी माझ्याकडे नीट बघतात.

"तुम्हीच ना?"

मी हो म्हणतो. त्या हसत नाहीत, मीही हसत नाही.