कारभाऱ्याच्या पायाखालची फांदी

आत्या गेल्याची बातमी मला एका मुंगसानं दिली. मी इस्लामपूरच्या स्टँडवर पत्रकं वाटत होते, तेवढ्यात फोन थरथरला. पाहुण्यारावळ्यांच्या ग्रुपवर मुंगसाचं स्टिकर आलं होतं. डोक्याला पांढरं टापर गुंडाळलेलं, हात जोडलेले, डोळ्यांत दोन टपोरे थेंब. खाली आत्याच्या पुतण्यानं, रणजितदादानं लिहिलं होतं, ‘शालनकाकी गेल्या. अंत्यविधी दुपारी.’ त्याखाली भराभरा तसलीच मुंगसं यायला लागली. कुणी एक टाकलं, कुणी तीन-तीन टाकली. ते मुंगूस शालनआत्यानंच केलेलं होतं. तिच्या परसातलं, तिनंच फोनमध्ये टिपलेलं, आणि त्याच्या डोक्याचं टापर म्हणजे तिच्या शिलाई मशीनखाली पडलेल्या अस्तराच्या तुकड्याचा फोटो. टाकणाऱ्यांतल्या कुणालाही हे आठवलं नाही, किंवा आठवून कुणाचं काही अडलं नाही. बाईच्या मरणावर तिचंच स्टिकर तिला परत... याला आपल्याकडं भावपूर्ण श्रद्धांजली म्हणतात.

शालनआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. माहेर जत तालुक्यातलं, जिथं टँकर आला की गाव पळतं. तिथनं ती कृष्णाकाठच्या गावात नांदायला आली. नवरा फौजी, तो लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. मागं राहिली ती गावाच्या कडेची दोन खोल्यांची जागा, एक शिलाई मशीन आणि घरामागचं परस. परस म्हणजे नीट बाग नव्हे. घाणेरीची जाळी, दोन पपया, पडक्या गोठ्याचे दगड आणि मधोमध एक थोराड उंबर. त्याच्या पलीकडं उतार, आणि उताराखाली नदीचा घाट, जिथं गावातले दहावे होतात. सगळीकडं ऊसच ऊस, त्यात हा तुकडा तेवढा मोकळा सुटलेला. तोड झाली की शेतकरी पाचट पेटवतात, आणि त्या आगीतनं जे जिवंत सुटतं ते या परसात येऊन दडतं. मुंगूस, घोरपड, धामण, ससा, टिटवी. मी गावोगाव ‘पाचट जाळू नका’ म्हणून ओरडत फिरते. माझं ओरडणं किती जणांनी ऐकलं देव जाणे. त्या जनावरांना मात्र माझ्या पत्रकाची वाट बघावी लागली नाही. त्यांना आत्याचं परस माहीत होतं.

काच तडकलेला एक टॅब आमच्या संघटनेच्या कचेरीत पडून होता, तो मी तिला दिला. फोटोतली मागची बाजू कशी पुसायची, एकावर एक थर कसे चढवायचे, हे एका दुपारी दाखवलं. पुढचं तिचं तिनं. आयुष्यभर कापड बेतलेली बाई, तिला कडा कापायला काय शिकवायचं? कडेनं बोट असं फिरवायची की सरड्याच्या पाठीवरचा एक काटा तुटायचा नाही. मग त्या सरड्याला ती खुर्चीत बसवायची, गळ्यात उपरणं घालायची. टिटवीला छडी देऊन शाळेत उभी करायची. बेडकांची ग्रामसभा भरवायची, त्यातला एक झोपलेला असायचाच. कपडे मात्र चितारलेले नसायचे. गावातल्या बायकांच्या ब्लाउजांचे उरलेले तुकडे ती उन्हात पसरून फोटो काढायची आणि तेच कापड जनावरांच्या अंगावर बेतायची. एक गोष्ट तिनं मला पुन्हापुन्हा सांगितली. “फांदीवरचं पाखरू कापलं की फांदी जाती गं, पण बोटं धरल्यालीच ऱ्हात्यात. त्याला तसंच वाऱ्यावर सोडायचं न्हाई. दुसरं कायतरी द्यायचं बसाय. बाज दे, बैलगाडी दे... पण दे.”

त्या कापडापायीच पहिला भडका उडाला. तिनं घोरपडीची सासू केली होती. ठसठशीत कुंकू, कमरेवर हात आणि अंगात जरीकाठाचा ब्लाउज. चित्र फोनाफोनी फिरत सरपंचीणबाईंपर्यंत गेलं आणि त्या तणतणत दारात आल्या. मी तेव्हा तिथंच चहा पीत बसले होते.

“शालन, माझ्या लेकीच्या लग्नातलं कापड हाय ह्ये! घोरपडीला घातलंस व्हय गं?”

आत्यानं मशीनवरनं मान वर केली. “वैनी, घोरपडीला मापात बसलं. तुमीच घट्ट व्हतंय म्हणून परत आणलंता न्हवं?”

मी हसले. दारातल्या दोघी-चौघीही हसल्या. पण सरपंचीणबाई हसल्या नाहीत, आणि अशा बायका हसल्या नाहीत की गाव त्याची किंमत वसूल करतं. महिन्याभरात आत्याकडं शिवायला कापड येणं बंद झालं. ‘तिच्याकडं टाकलं तर उद्या माकडाच्या अंगावर दिसंल,’ असं बायका एकमेकींना सांगायच्या. आणि त्याच बायका रोज सकाळी तिच्याच बेडकाच्या तोंडून ‘शुभ सकाळ’ पाठवायच्या! मी चिडून म्हणाले, “आत्या, नाव तरी घाल की चित्राखाली. लुटतायत तुला.” ती म्हणाली, “आलीस का पुढारीणबाई, दे भाषण. बेडूक माझा न्हाई, परसाचा हाय. त्यानं घातलंय का नाव?” तिच्या या असल्या बोलण्यानं मला वैताग यायचा. अजून येतो. साधेपणाला आपण डोक्यावर घेतो, कारण साध्या माणसाला लुबाडणं सोपं जातं.

तिचा सगळ्यात लाडका एक डोमकावळा होता. वरची चोच टोकाला जरा मोडलेली. त्याला ती कारभारी म्हणायची. आमच्याकडं बाई नवऱ्याला कारभारी म्हणते, तेव्हा गावानं यावर काय काय चघळलं असेल ते तुम्हीच समजा. रोज दुपारी ती जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, चेपकी ताटली घेऊन परसात जायची, त्यात दहीभात कालवायची आणि ताटली गोठ्याच्या दगडावर दोनदा आपटायची. ठण्, ठण्. वर तोंड करून माहेरच्या कानडीत हाक, “बारो, कारभारी, बारो.” म्हणजे ये रे, ये. उंबरातनं तो थेट ताटलीच्या काठावर यायचा. भ्यायचा नाही, लाजायचा नाही. तिनं त्याची ढीगभर चित्रं केली. पेटीवर बसलेला कारभारी, पंगतीत पहिल्या पानावर मांडी घातलेला कारभारी. एका चित्रात तिनं नवऱ्याच्या फौजी कोटाच्या कापडाचा फोटो घेऊन त्याला कोट बेतला होता. ते तिनं कुणाला पाठवलं नाही. मला दाखवलं आणि म्हणाली, “खांद्यात जरा ढिला झालाय...”

परस तिच्या नावावर नव्हतं. दीर वसंतमामा आणि त्यांचा मुलगा रणजितदादा यांच्या सातबाऱ्यात ते होतं, आणि दादाला तिथं ट्रॅक्टरची शेड हवी होती. आत्या असेतो ते थांबले, हे कबूल करते. गेल्या दिवाळीला सगळे जेवायला बसले असताना तिनं दिराला स्वच्छ सांगितलं, “भावजी, मला काय नगं. दागिना नगं, दिवस घालताना पंगतबी नगं. मी गेल्यावर एवढा उंबर आणि जाळी तेवढी हलवू नगा.” मामा ताटातला घास मोडत म्हणाले, “वैनी, आवं असं वंगाळ कशाला बोलताय सणासुदीचं?” हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. अशी उत्तरं देऊन देऊनच आमचे पुरुष पंच होतात.

बातमी यायच्या आदल्या दिवशी ती परसातच पडली. दुपारची ताटली हातात होती. मेंदूत रक्तस्राव झाला, असं इस्लामपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. मामांनी तीनतीनदा विचारलं, “साप कुठं चावलाय ते बघा की.” चावलेलाच नव्हता, तर डॉक्टर दाखवणार कुठून? तरी मयत गावात पोचायच्या आधी गावाचं ठरलं होतं. सापानं खाल्लं. त्या जाळीनं खाल्लं. ज्या जनावरांना ती कपडे शिवत होती त्यांच्यावर तिच्या मरणाचा आळ घालून गाव मोकळं झालं. सरपंचीणबाई माझ्यादेखत म्हणाल्या, “लय नाद होता जनावरांचा. त्यांनी पांग फेडलं.” माणूस अजून अंगणात होता.

आता दहाव्याचं सांगते. मी असल्या विधींना मानत नाही, त्याविरुद्ध मी स्वतः पत्रकं लिहिली आहेत. पण त्या सकाळी घाटावर मी जितक्या आशेनं उभी होते तितक्या आशेनं एखादा भाविकही उभा राहिला नसेल. कारण साधं होतं. पिंडाला कावळा शिवला नाही, की मेलेल्या माणसाची इच्छा राहिली असं मानतात. मग घरचे हात जोडून एकेक इच्छा मोठ्यानं बोलतात, ‘तुझं अमुक करतो’ म्हणून चारचौघांत शब्द देतात. आत्याची इच्छा एकच होती, आणि ती तिथल्या प्रत्येकाला माहीत होती. मला एवढंच हवं होतं... कावळा जरा थांबू दे. सगळ्या गावासमोर मामांच्या तोंडून निघू दे, ‘परस राखतो.’ दिवाळीत गिळलेला शब्द घाटावर गिळता येत नाही. आमची माणसं कोर्टाला भीत नाहीत, पण दहाव्याच्या शब्दाला भितात.

पिंड मांडले. सगळे मागं सरले. कावळे वर उंबरात होते, पण खाली येत नव्हते. माणसं कुजबुजायला लागली. मी पुढं होऊन म्हणाले, “मामा, तिची इच्छा तुम्हाला ठाऊक आहे. बोला.” मामांनी टोपी काढली, परत घातली. रणजितदादा माझ्याकडं बघून पुटपुटला, “हितंबी मोर्चा काढतीस काय गं?” मी म्हणाले, “मामा, बोला.” मामांनी हात जोडले, घसा खाकरला, “वैनी...” म्हणाले. माझ्या डोळ्यांदेखत तो शब्द त्यांच्या ओठांवर आला होता.

तेवढ्यात मामी, आत्याची जाऊ, घाईघाईनं पुढं आल्या. आत्याच्या आवडीचा दहीभात पिंडाजवळ ठेवायचा राहिला होता. घरातनं हाताला लागलं त्या भांड्यात त्यांनी तो आणला होता. ती तीच चेपकी ताटली होती. मामी वाकल्या, ताटली हातातनं निसटली आणि दगडावर दोनदा वाजली. ठण्, ठण्.

उंबरातनं कारभारी सरळ खाली आला. मोडकी चोच दहीभातात घातली, मग उडी मारून पिंडावर बसला.

घाटावर केवढा मोठा सुस्कारा सुटला! बायकांनी पदर डोळ्याला लावले. मामांचे जोडलेले हात सुटले. “बघ पोरी,” ते मला म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता, “तिचं काय म्हणणंच न्हवतं. सुखानं गेली.” मी ओरडले, की अहो तो ताटलीच्या आवाजाला आलाय, रोज येतो, तिनं सवय लावली होती त्याला. दादा म्हणाला, “आता कावळ्यालाबी पत्रक वाटून ये जा.” लोक हसले. दहाव्याला हसले! आणि कारभारी आपला खातच होता. दहा दिवस वाट बघितलेला तो जीव, त्याला कोण आणि काय बोल लावणार? तिनं ज्या हातानं त्याला जगवलं, त्याच हाताच्या सवयीनं तिचा शब्द बुडवला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. उंबर देवाचं झाड, त्याला हात लावायला गावातलं कुणी धजेना, म्हणून चालक लांबच्या गावचा आणला. दादानं आधी उंबराला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, पाया पडला. मग हातानं खूण केली आणि उंबर आडवा झाला. जाळी ओढून एका जागी रचली आणि पेटवून दिली. धूर निघताना कोण कोण बाहेर पळालं ते बघायला पोरं काठ्या घेऊन उभी होती. मी मध्ये पडले तेव्हा मामींनी मला दंडाला धरून घरात नेलं आणि चहा ठेवला. त्या वाईट नाहीत. त्यांच्यापैकी कुणीच वाईट नाही. हेच तर मला सहन होत नाही.

परवा त्याच गावात आण्णा नावाच्या एका म्हाताऱ्याचा दहावा झाला. मी गेले नव्हते, मामींनी फोनवर सांगितलं. सूर्य डोक्यावर आला तरी कावळा नाही. घरच्यांनी गाय देतो म्हटलं, नातवाचं लग्न लावतो म्हटलं, भावाभावांचं भांडण मिटवतो म्हटलं. सगळं म्हणून झालं. आकाश मोकळं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. “आधी असं कवाच झालं न्हवतं गं,” मामी म्हणाल्या, “आपल्या घाटावर कावळं लगेच यायचं...” त्याच दुपारी ग्रुपवर दादाचा निरोप आला, ‘कावळा शिवला. आण्णांच्या आत्म्यास शांती लाभो.’ आणि खाली पंगतीत मांडी घालून बसलेला, मोडक्या चोचीचा, आत्याचा कारभारी. त्याखाली सगळ्यांचे जोडलेले हात.

टॅब आता माझ्याकडं आहे. काचेचा तडा कोपऱ्यापासून मधोमध आला आहे. त्यात तिचं शेवटचं चित्र अर्धं राहिलंय. कारभाऱ्याला तिनं फोटोतनं कापून घेतलंय, पिसान् पीस. उंबर पुसून टाकलाय. कोट अजून घातलेला नाही, खाली काही ठेवलेलं नाही. मागं नुसतं पांढरं. मी बाज ठेवून पाहिली, पेटी ठेवून पाहिली, आमच्या पत्रकाची गुंडाळीही ठेवून पाहिली. काहीच बसत नाही. त्याची बोटं अजून त्या फांदीच्याच जाडीएवढी वळलेली आहेत.